बोरवण्याच्या होडीतली शिरगणती

माणसाचा सगळा इतिहास म्हणजे अलीकडून पलीकडे जाण्याचा इतिहास आहे. चाकाचा शोध लागला तेव्हा माणूस नुसता लवकर पोचू लागला. पाण्यात पहिली नाव लोटली तेव्हा कुठे तो खरा माणूस झाला. हा विचार मला १९७१ सालच्या मार्च महिन्यात, सकाळी सहाच्या सुमाराला, खारशेतच्या धक्क्याशी सुचला. तो लिहून ठेवावा म्हणून मी खिशात हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, चिखलात उभे हाव."

मी खाली पाहिलं. घोटे दिसत नव्हते.

"मगाधरनं बघतंय," होडीतला म्हातारा म्हणाला. "म्हटलं, इचार करतायत तर करूंदे. पण आता गुडघ्यापर्यंत जाल."

त्याने हात दिला आणि मला उपसून होडीत घेतलं. उजवी चप्पल चिखलात राहिली. संस्कृतीच्या जन्माबद्दलचा विचारही तिथेच राहिला असता तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्याचं नाव धाकलू तांडेल. खारशेत आणि पलीकडचं बोरवणे यांच्यामध्ये अर्ध्या मैलाची खाडी, आणि त्या खाडीवर माणसं नेण्या-आणण्याची होडी त्याच्या घराकडे चार पिढ्या. मी चोवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या कचेरीतला कनिष्ठ कारकून. माझ्याकडे एक छापील फॉर्म, एक पेन्सिल आणि एक हुकूम होता. खाडीच्या वरच्या अंगाला एकोणीस मैलांवर पूल झाला होता, त्यामुळे ही होडी आता कशाला, असा प्रश्न कचेरीला पडला होता. हुकूम असा, की एका दिवसाची शिरगणती करावी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत शंभर वेगवेगळे उतारू भरले तर परवाना चालू. एक जरी कमी भरला तरी बंद.

हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. कचेरीत शिकवतात, की आधी काम करावं आणि मग लोकांना धक्का द्यावा.

होडी भरली आणि निघाली. माझ्यासमोर मासळीची पाटी मांडीशी धरून हलिमाबी बसली होती. खारशेतची मासळी बोरवण्याला दारोदार विकणारी, पन्नाशीची, बघताक्षणी समोरच्याचा भाव ठरवणारी बाई. तिच्या शेजारी परचुरे मास्तर. ते खारशेतला राहत आणि बोरवण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी फॉर्म उघडला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि पुढच्या टोकाकडून, नाळेकडून, सुरुवात केली.

"एक," मी म्हणालो. "दोन. तीन."

चाराला होडी थांबली. धाकलूने वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं ठेवलं होतं.

"काय करताव?"

"मोजतोय."

"काय?"

"माणसं."

"ती पेन्सिल कानावर ठेवा," धाकलू म्हणाला.

"अहो, सरकारी काम आहे."

"असू दे. कानावर ठेवलेली पेन्सिल पण सरकारीच असते."

होडी ओहोटीबरोबर हळूहळू समुद्राकडे सरकायला लागली होती. कोणाच्या तोंडावर त्याची काळजी दिसेना. सगळे माझ्या कानाकडे बघत होते.

"बाबा," हलिमाबी मला समजावत म्हणाली, "होडीत माणूस मोजायचं नसतं. मोजलं की काठाला एक कमी उतरतं."

"असं कधी झालंय?"

"झालंय तर. मागं एकानं मोजली. बारा चढले, अकरा उतरले."

"कोण बुडालं?"

हलिमाबीने धाकलूकडे पाहिलं. धाकलू पाण्याकडे बघत होता.

"मोजणारा," ती म्हणाली.

मी पेन्सिल कानावर ठेवली. होडी चालू झाली.

"ही शुद्ध अंधश्रद्धा आहे," परचुरे मास्तर म्हणाले. "आकड्याला वजन नसतं. ज्याला वजन नाही त्याने नाव बुडत नाही. मी सातवीला शिकवतो हे."

"मग मास्तर, तुमच्यापासूनच सुरुवात करू का?"

मास्तरांनी छत्री उघडली. ऊन अजून आलं नव्हतं.

"माझं शेवटी घ्या," ते छत्रीआडून म्हणाले. "काठाला लागल्यावर."

आता सांगणं भाग होतं. मी हुकूम वाचून दाखवला. शंभर, सूर्यास्त, परवाना, बंद. बोरवण्याला दवाखाना नव्हता, बाजार नव्हता, एस.टी. येत नव्हती. पुलावरून यायचं तर एकोणीस मैल वर आणि एकोणीस मैल खाली, तेही पायी. हलिमाबीची मासळी अडतीस मैल चालून बोरवण्याला पोचली असती तेव्हा तिचं खत झालं असतं.

"म्हंजे मोजलं तर माणूस जाणार," ती म्हणाली, "नि नाय मोजलं तर होडी जाणार."

या प्रकरणावर कचेरीतल्या फायलीत बेचाळीस पानं होती. इतकं स्पष्ट त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"पण तांडेल," मी विचारलं, "तुम्ही दर महिन्याला पत्रक पाठवता ना? त्यात उतारूंची संख्या का भरत नाही?"

"भरतो की. मास्तर लिहितात, मी सांगतो."

ती पत्रकं मी पाहिली होती. उतारूंची संख्या या रकान्यात जानेवारीला 'बरीच' असं होतं. फेब्रुवारीला 'नेहमीची'. मे महिन्यात 'लग्नसराई, विचारू नका'. जुलैत 'पाऊस, तरी आलीच'. हिशेबनीसाने बारा महिन्यांची बेरीज करून पाहिली होती आणि ती शून्य आली होती. पूल होताच प्रश्न उपस्थित झाला तो त्या शून्यावरून.

"शून्य?" धाकलू म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. "लग्नसराईत शून्य?"

बोरवण्याच्या काठावर उतरल्यावर मी इतर उपाय करून पाहिले. दुसऱ्या फेरीला मनातल्या मनात मोजायला घेतलं. हलिमाबी आता गावात गेली होती, पण तिने होडीला सूचना देऊन ठेवलेली असावी. एक म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून होती. "ओठ हलतायत वो," ती धाकलूला म्हणाली, आणि होडी थांबली. तिसऱ्या फेरीला मी पाय मोजून दोनाने भागायचा प्रस्ताव मांडला. त्यावर बराच विचार झाला. शेवटी धाकलूने तो फेटाळला, कारण पाय मोजले तर अर्धा माणूस कमी उतरेल आणि ते जास्त वाईट. काठावर उतरल्यावर मोजू म्हटलं, तर पायाचं पाणी सुकेपर्यंत माणूस होडीचाच धरायचा अशी रीत निघाली. आणि पाय सुकेपर्यंत बोरवण्याची माणसं पाच पायवाटांनी पाच वाड्यांना गेलेली असत. मी एक चप्पल घालून त्यांच्या मागे धावत होतो.

दहा वाजता सकाळची शाळा सोडून मास्तर बोरवण्याच्या धक्क्यावर आले. त्यांना आता या प्रकरणात शास्त्रीय रस निर्माण झाला होता. धक्क्याशेजारी खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग पडलेला असतो, त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "धाकलू, शिंपल्या मोजलेल्या चालतात का?"

"शिंपल्यांना काय? शिंपल्या पाटीनं मोजतो आमी."

"झालं तर. होडीत पाय ठेवताना प्रत्येकाने एक शिंपली टोपलीत टाकायची. दिवसाला माणशी एकच. संध्याकाळी जमिनीवर बसून शिंपल्या मोजायच्या. माणसाला कोणी हात लावला नाही."

धाकलूने यावर एक विडी पूर्ण ओढली. मग त्याने टोपली आणली.

उरलेला दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा दिवस. मला काही करायचं नव्हतं. मी होडीत बसून इकडून तिकडे जात होतो आणि शिंपल्या टोपलीत पडत होत्या. सकाळी गेलेले परत येताना आपापली टाकत होते. दवाखान्यात निघालेली एक पोटुशी बाई टोपलीपाशी अडली.

"तांडेल, मी एक टाकू का दोन?"

"तुमचा काय इचार?"

"सासू म्हणते दोन टाक. तेवढीच होडीला मदत."

"जो आपल्या पायानं चढला त्याची शिंपली," धाकलूने निकाल दिला. "त्याला चढूंदे, मंग टाकील त्याची तो."

या निकालानंतर एका बाप्याने बोकडाच्या नावाची शिंपली हळूच परत खिशात घातली. बोकड आपल्या पायाने चढला होता, पण वाद घालण्याइतकी बाप्याची हिंमत नव्हती.

सूर्य समुद्रावर दोन हात उरला तेव्हा होडी बोरवण्याच्या काठाला होती. आम्ही चौघेच होतो: धाकलू, रिकामी पाटी घेऊन घरी निघालेली हलिमाबी, मास्तर आणि मी. बाकी ज्यांना जायचं ते गेले होते, यायचं ते आले होते. मास्तरांनी खडकावर पंचा पसरला आणि टोपली ओतली. मी मोजायला लागलो. दहा-दहाचे ढीग केले. नऊ ढीग झाले. दहाव्यात नऊ.

पुन्हा मोजल्या. मास्तरांनी एकदा मोजल्या. हलिमाबीने मोजल्या. मग तिने टोपली उपडी करून खालून थापटली.

"एक कमी," मी म्हणालो.

"सांगितलं होतं," धाकलू म्हणाला. रागाने नाही. पाऊस येणार म्हटलं होतं आणि आला, अशा आवाजात.

"कोणी राहिलंय का गावात? हाक मारून आणा."

"गाव मैलभर वर. तिकडनं माणूस येईस्तोवर दिवस बुडला."

"आणि तुम्ही दोघं?" मी हलिमाबीला आणि मास्तरांना विचारलं.

"आमची पडली ना टोपली ओतायच्या आधीच," हलिमाबी म्हणाली. "माणशी एकच, तुमचाच फारम."

मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मी आवाज खाली आणला. "मी शंभर लिहून टाकतो. कोण बघतंय?"

हे बोलायला मला किती कष्ट पडले ते मी सांगणार नाही, कारण फारसे पडले नव्हते. पण धाकलू खडकावरून उठलाच.

"नाय. जे माणूस नाय ते लिवलंत तर ते येऊन होडीत बसतं. मंग ते उतरत नाय. रोज त्याला घेऊन वल्हवायचं कुणी?"

हलिमाबी सूर्याकडे बघत होती, जणू त्याचाही भाव करता आला असता. मास्तरांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ती अक्षरं वाचलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"तुम्ही धरला जात नाही का हो उतारूंत? तुम्ही दिवसभर बसलायत होडीत."

"कामावरचा कर्मचारी धरत नाहीत. कलम सात."

"कामावरचा," मास्तर म्हणाले. "आणि रजेवरचा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी पाटीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. 'महोदय, घरगुती अडचणीमुळे आज दुपारनंतर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.' दुपार होऊन सहा तास झाले होते, पण दुपारनंतर ती दुपारनंतरच. खाली सही केली आणि त्या क्षणापासून मी एक खासगी माणूस झालो, ज्याला खारशेतला जाऊन एस.टी. पकडायची होती. मी एक शिंपली उचलली आणि टोपलीत टाकली.

"थांबा," मास्तर अजून वाचत होते. "कलम आठ. कर्मचारी गैरहजर असल्यास त्या फेरीचे उतारू नाव चालवणाराने, नावेत, प्रत्यक्ष मोजून सही करावी."

आम्ही तिघांनी धाकलूकडे पाहिलं.

"शिंपली टाकली ना," तो म्हणाला.

"सही तुझी जाणार, धाकलू. 'प्रत्यक्ष मोजून' असं छापलंय वर."

"छापलंय म्हंजे मोजायला लागंल."

"नुसती सही केलीस तरी..."

"सही केली नि मोजलं नाय, तर ते खोटं." त्याने पाण्याकडे पाहिलं. "नाय जमायचं, मास्तर. होडी जाऊंदे."

चार पिढ्यांची होडी त्याने दोन शब्दांत सोडून दिली. हलिमाबीने पाटी उचलली, होडीत ठेवली आणि स्वतः चढली.

"तांडेल," ती म्हणाली, "एकच हाय. नि मी धरतंय त्याला."

धाकलू काठावरच उभा राहिला. सूर्याची खालची कड पाण्याला लागत होती. मग तो होडीत आला आणि मला म्हणाला, "मधे बसा. फळीवर नाय, खाली."

मी होडीच्या तळाशी बसलो. हलिमाबीने मागून माझी कॉलर धरली. मास्तरांनी डावा दंड धरला. आकड्याला वजन नसतं, पण वारा होता, असं ते नंतर म्हणाले. वारा नव्हता. खाडी परातीतल्या पाण्यासारखी स्वस्थ पडली होती. काठ सुटल्यावर धाकलूने वल्हं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. त्याचा ओठ दोनदा हलला आणि आवाज आला नाही.

"एक," तो म्हणाला.

आणि मग तो वल्हवायला लागला. साठीच्या माणसाने त्या खाडीत तशी होडी मारलेली पुन्हा कोणी पाहिली नसेल. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. काठ कुठे आहे हे बघायलाही तो वळला नाही. हलिमाबीने माझी कॉलर इतकी आवळली होती, की मी बुडालो नसतो, पण गुदमरलो असतो. मी आजवर बऱ्याच ठिकाणी मोजला गेलो आहे. मतदारयादीत आहे, रेशनकार्डावर आहे, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या यादीत तर दोनदा आहे. पण इतकं जिवावर येऊन मला कोणी मोजलं नाही.

खारशेतच्या धक्क्याला लागलो तेव्हा सूर्याची नखाएवढी कोर बाकी होती. धाकलूने सही केली. मास्तरांनी साक्ष घातली.

पुढचं कचेरीतलं थोडक्यात सांगतो. माझ्या अहवालावर शेरा आला, की सूर्यास्तापूर्वीच्या वीस मिनिटांना अर्धा दिवस म्हणता येईल काय, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला, की मार्चमध्ये दिवस मोठा होत चाललेला असतो. तो खुलासा कोणाला कळला नाही, म्हणून मान्य झाला. शंभराचा आकडा मात्र कोणालाच खोडता आला नाही. परवाना चालू राहिला. धाकलूने आणखी अकरा वर्षं वल्हं मारलं, मग त्याच्या पुतण्याने इंजिनाची होडी आणली. ती आजही चालते असं ऐकतो. तिच्यात तिकिटं आहेत आणि तिकिटांवर नंबर आहेत, पण ती उतरल्यावर देतात.

त्या संध्याकाळचं थोडं राहिलं आहे. सही झाली, मास्तर छत्री मिटून घरी गेले आणि मीही निघालो. धाकलूने मला निघू दिलं नाही. मला धक्क्यावर बसवलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि माझे पाय पुसायला लागला. मी पाय मागे घेतले, त्याने ते ओढून पुन्हा मांडीवर घेतले. आधी उजवा, मग डावा, बोटांच्या मधली फट न् फट. पाय सुकेपर्यंत माणूस होडीचा.

"अहो तांडेल, हे काय," मी म्हणालो. "झालं की. उतरलो ना मी."

त्याने ऐकलं नाही. हलिमाबी पाटी कमरेवर घेऊन उभी होती. मला काहीतरी हलकं बोलायचं होतं, म्हणून मी तिला म्हटलं, "तुमचं खोटं ठरलं, बी. सकाळी म्हणालात, मोजणारा बुडाला."

"मोजणारा कसला बुडतोय, बुडालं ते दुसरंच माणूस," ती हळू आवाजात म्हणाली. "मोजणारा सात वर्साचा होता. शाळेत बारापर्यंत आकडे शिकून आलेला, नि बापाच्या होडीत बसून मोठ्यानं मोजली सगळी. आमच्या घरची जुनी माणसं पण होती त्या होडीत. त्यांनी सांगितलेलं मला." तिने हनुवटीने खाली दाखवलं. "मोजणारा हा काय, पाय पुसतोय तुमचे."

ती निघून गेली. धाकलूने फडकं पिळलं, झटकलं आणि डोक्याला बांधलं. माझे पाय एव्हाना कधीच सुकले होते. मला त्याला काही सांगायचं होतं. काय ते तेव्हाही कळत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घसा साफ केला.

"तांडेल," मी सुरुवात केली.

तो माझ्याकडे पाहत थांबला. मागे होडी ओहोटीबरोबर हळूच धक्क्यापासून सुटायला लागली होती.

"साहेब," तो म्हणाला, "जरा उठताव काय? दोरावर बसलाव."